देवांना मांडवात बोलावणारी शालूमावशी

मानपाड्याला गायकरांच्या बिल्डिंगमध्ये आम्ही भाड्यानं राहायला आलो, तेव्हा एजंटनं आधीच सांगून ठेवलं होतं, "पाण्याचा काही त्रास नाही मॅडम. फक्त लग्नाच्या सीझनला जरा आवाज असतो." तो आवाज दोन तऱ्हेचा असतो, हे मला पुढे कळलं. एक घरमालकांच्या मुलाच्या, नयनच्या डीजेचा. दुसरा नयनच्या आईचा, म्हणजे शालूमावशीचा.

शालूमावशी धवलारीण. आगरी लग्नात विधीची जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. पूर्वी या गावांत भटजी नसायचे, लग्नं या बायकाच लावायच्या. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक काढायचा, उंबराची फांदी लावायची, आणि मग एकेका देवाला, कुळातल्या एकेका मेलेल्या माणसाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं. आता भटजी येतात, हॉल असतात, तरी धवले झाल्याशिवाय हळद लागली असं जुन्या घरांना वाटत नाही. शालूमावशीला हे सगळं तिच्या सासूनं, सखुबाईनं शिकवलं. लिहून ठेवलेलं काही नाही. भात लावताना, मिठागरावर जाता-येता सासू म्हणायची आणि सून मागून म्हणायची. आता ते भाताचं शेतही नाही आणि मिठागरही नाही, तिथं कारखाने आणि आमच्यासारख्यांच्या बिल्डिंगी आहेत. गाणी मात्र तशीच राहिली.

मी ठाण्याला नोकरीला जाते, घरी यायला संध्याकाळ उलटते. सुट्टीच्या दिवशी सकाळी मावशी गच्चीत पापड नाहीतर सुकी मासळी वाळत घालायला यायची, तेव्हा आमच्या गप्पा व्हायच्या. ती मला 'बाय' म्हणायची. उंच, काळीसावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं मोठ्यानं आणि हसणं त्याहून मोठ्यानं. कमलेश गेला त्यानंतर ते हसणं कमी झालं.

कमलेश तिचा धाकटा दीर. मावशी लग्न होऊन आली तेव्हा तो अर्ध्या चड्डीत शाळेत जायचा, तिनंच त्याला न्हाऊ-माखू घालून वाढवलं. मोठा झाला, लग्न झालं, दर्शना घरात आली, पण कमलेशचं जेवण वहिनीच्या हातचंच. माणूस गोड, पण बाटलीपुढं कमजोर.

गावातल्याच एका घरची हळद होती. संध्याकाळची वेळ. मांडवाच्या एका कोपऱ्यात मावशी आणि चार बायका चौक काढून बसलेल्या, आणि दुसऱ्या टोकाला नयनचे भिंतीएवढे स्पीकर. नयन घरचाच, त्यामुळे त्याला कुणी कमी कर म्हणत नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. बायका एकमेकींचे ओठ बघून गात होत्या. मावशी पितरांना बोलावण्याच्या भागापर्यंत आली होती. कमलेश दुपारपासून प्यायलेला, मधोमध नाचत होता. नाचता नाचता तो स्पीकरला टेकून खाली बसला. लोकांना वाटलं, चढली. कुणीतरी त्याच्या डोक्यावर फेटा ठेवला आणि व्हिडिओ काढला. चौकाजवळच्या एका बाईला त्याचं तोंड हलताना दिसलं, 'वैनी, वैनी' म्हणतोय असं वाटलं, पण तीही गात होती. हॉस्पिटलला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक, फार उशीर केलात.

तेराव्यानंतर एकदा मावशी गच्चीत माझ्याजवळ येऊन बसली. वाळत घालायला काही आणलेलं नव्हतं.

"बाय, तू शिकलेली हायस, म्हनून इचारते," ती म्हणाली. "मी तवा नावं घेत व्हती. सासऱ्याचा नाव घेतला, आजेसासऱ्याचा घेतला. या, मांडवात या, बोल्ली. आन ते आले. येऊन आमचे कमलेशला घेऊन गेले. असा असतं काय?"

"नाही हो मावशी. त्याला अटॅक आला."

"ते मना पन म्हाईत हाय. पन मी बोलवलाच नसता तर?"

मी तिचा हात धरून बसले.

वर्षभर तिनं धवले म्हटले नाहीत. सुतक फिटलं, लोक बोलवायला यायचे, ती नाही म्हणायची. रोज सकाळी अंघोळ करून गावदेवीला मात्र जायची. मग एका सकाळी ती देवळातून परत आली आणि नवऱ्याला म्हणाली, आजपासून मी परत गाणार, पण माझं ऐकलं तर. ज्या घरी लग्न ठरलं असेल त्या घरी ती आपणहून जाणार होती आणि हात जोडून सांगणार होती, की देव मांडवात येईपर्यंत बाटली नको आणि डीजे नको. धवले संपले की पुढचं तुमचं तुम्ही बघा.

"देवीनं सांगितलं का असं?" मी तिला विचारलं.

"सांगितला म्हनजे... मना ऐकू आला नाय काय. मी बसलेली, आन मनात आला, जिथं मना कोनी ऐकत नाय, तिथं मी कशाला येऊ? ते देवी बोल्ली का मीच बोल्ली, मना नाय कलत." मग म्हणाली, "पन आला ते खरा."

एवढ्या आधारावर तिनं काम सुरू केलं. आधी देवळात जायचं. ज्या घरी जायचंय त्या घराचं नाव, नवऱ्या मुलाचं, मुलीचं नाव देवीला सांगायचं, त्यांचं भलं कर म्हणायचं, आणि मगच त्यांच्या दारात जायचं. देवीला सांगून झाल्याशिवाय ती कुणाच्या पायरीवर चढली नाही. माणसं मान द्यायची. "ये मावशी, बस, चहा घे." ऐकूनही घ्यायची. आणि ती वळली की हसायची, ते तिला पायऱ्या उतरताना ऐकू यायचं. एका घरी तर तिला बघून दारच लावलं. तिचा पायगुण वाईट झालाय असं बायकांमध्ये बोललं जाऊ लागलं. तिनं पितरं बोलावली आणि घरचा माणूस गेला, आता तिला शुभकार्यात कशाला बोलवायचं, असं. जी शंका तिनं मला गच्चीत विचारली होती तीच आता गावभर फिरत होती.

घरात वेगळंच. नयनचा धंदा डीजेचा. सिस्टिम घ्यायला त्यानं बापामागं किती दिवस टुमणं लावलं होतं, ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत.

"आये, तू माझीच गिऱ्हाइकं तोडतेस," तो जिन्यात उभा राहून तिला म्हणाला, मी खालून येत होते. "लोक बोलतात, आई डीजे बंद करायला सांगते आणि पोरगा वाजवतो. माझी काय इज्जत राहिली?"

"बंद नको करू रे. उशिरा लाव."

"उशिरा म्हणजे कधी? दहाला पोलीस बंद करतात. मग लावू कधी मी?"

तो खोटं बोलत नव्हता. तिचा नवरा, गोविंदाकाका, कंपनीतून निवृत्त झालेला, फार न बोलणारा माणूस. तो मला एकदा म्हणाला, "ही थांबली तर माझ्या डोक्याचा ताप जाईल बघा." आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "पन तिला थांब म्हनू नका हां तुम्ही."

सगळ्यात मोठा विरोध दौलतचा. हा मधला दीर, आमच्याच बिल्डिंगमध्ये खाली राहणारा, गावकीत वजन असलेला, देवळाच्या कमिटीवर, पांढरे कपडे, बोलायला हुशार. गावकीची बैठक देवळाच्या सभामंडपात भरली, तिथं त्यानं वहिनीला बोलावून घेतलं. सुट्टीचा दिवस होता, मावशीनं मलाही बरोबर नेलं. मी खांबाशी बायकांत बसले.

"वैनी," दौलत म्हणाला, "तुझा मान हाय. कमलेश माझा पन भाऊ व्हता. पन एक सांग. आपल्या पितरांना आपन पानावर काय ठेवतो? माझ्या बापाला ताडी लागायची, म्हनून ताडी ठेवतो. आज्याला दारू, त्याला दारू. हे मी काढला काय? आई जिती व्हती तेव्हा तू सोता ठेवलीस, तुझ्याच हातानं. तेव्हा देव बाटले नाय, आणि आता बाटतात?"

मला वाटलं मावशी काहीतरी बोलेल. ती दौलतकडं बघत राहिली. मग म्हणाली, "खरा हाय तुझा."

लोकांना वाटलं, संपलं. दौलतला पण तसंच वाटलं असावं, तो तिच्याशी मऊ झाला, चहा मागवला. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर मावशी देवळाच्या वाटेवर.

"आज कुणाकडं?" मी विचारलं.

"नांदिवलीला. पोरीचं लगीन हाय."

"पण काल तुम्ही दौलतकाकांना खरं आहे म्हणालात ना?"

"खराच हाय ते. मी ठेवलीय बाटली. सासूनं दिली, मी ठेवली. पितरांनी पिली, देव पन आले. मग आता मी काय सांगत फिरते, मनाच नाय समजत." ती चालतच होती. "पन बाय, मी थांबली ना, तर रातभर झोप नाय लागत. गेली तर लागते. ह्याला काय बोलायचा?"

रिक्षा आली म्हणून मी सुटले. दिवसभर ऑफिसात माझ्या डोक्यात तेच. दौलतचं म्हणणं मला पटलं होतं आणि मावशीचं थांबणंही मला बघवलं नसतं. दोन्ही एकाच वेळी कसं, ते मलाही सांगता येईना.

शेवटी तिनं कौल लावायचं ठरवलं. मी रविवारी सोबत गेले. गुरवानं देवीच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर काम चालू ठेव, डावी पडली तर सोड. मावशी हात जोडून बसली. आम्ही बसलो, बसलो. एकही पाकळी पडेना. लोक येत होते, घंटा वाजवून जात होते. उकाडा फार. कुणी एक भक्त आला, त्यानं घाम पुसला आणि पंखा लावला. लगेच डावी पाकळी उडाली, आणि तिच्यामागून उजवी.

मावशीनं गुरवाकडं बघितलं. "हे देवीनं पाडला का पंख्यानं?"

गुरव बिचारा गोंधळला. "उद्या परत लावू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजवी पडली. पंखा बंद होता. मावशी आनंदानं सांगायला आली आणि सांगता सांगताच तिचा चेहरा उतरला. "पन कालची डावी मोजायची का नाय?" तिनं गुरवालाही हेच विचारलं होतं. एकच प्रश्न देवाला सारखा विचारायचा नसतो, एवढंच तो म्हणाला.

त्या हंगामात तिला जवळजवळ कुणी बोलावलं नाही. आणि एका संध्याकाळी, मी नुकतीच घरी आले होते, मागच्या गल्लीतल्या मांडवातून धवले ऐकू येऊ लागले. आवाज मावशीचा. मी गॅलरीत गेले तर मावशी तिच्या गॅलरीत उभी, हातात पिळलेली चादर तशीच. मला क्षणभर काहीच समजेना, मावशी इथं आणि गाते तिथं. नयननं पूर्वी कधीतरी, कुणा नातेवाइकाला पाठवायला म्हणून, आईचा आवाज मोबाइलवर घेऊन ठेवला होता. तो त्यानं पेनड्राइव्हवर घातला. गिऱ्हाइकाला धवलेही मिळाले आणि आई दारात येऊन हात जोडण्याची अडचणही गेली. गाणं संपलं की त्याच स्पीकरवर लगेच दुसरी गाणी.

मावशी रागावेल असं मला वाटलं. ती ऐकत होती. एके ठिकाणी तिनं मान हलवली, "इथं चुकलीय मी. आमचे आजेसासूचा नाव राहिला." मग माझ्याकडं वळून, "बाय, ह्याच्यावर देव येतील का गो?"

"मला नाही माहीत, मावशी."

"आवाज तर माझाच हाय. पन मी तर इथं हाय." चादर दोरीवर टाकून ती आत गेली. दार उघडंच होतं, मला दिसत होतं. देव्हाऱ्यापुढं बसून तिनं त्या घराच्या नवऱ्या मुलाचं नाव घेतलं, मुलीचं घेतलं, आणि राहिलेल्या आजेसासूचंही घेतलं. तिला न बोलावलेल्या घरासाठी ती हे करत होती, आणि नयन त्याच घरी वाजवत होता.

मग दौलतच्या मुलीचं, करिश्माचं लग्न ठरलं. करिश्मा घोडबंदर रोडला आयटी कंपनीत. नवरा मुलगा कल्याणजवळच्या गावातला. दौलतच्या घरचं पहिलं लग्न, अख्खी गावकी येणार, हळदीला दोन डीजे बोलवायचं चाललेलं. आणि शालूमावशीला मोठीआय म्हणणाऱ्या करिश्मानं बापाला सांगितलं, "धवले मोठीआय म्हणणार. पेनड्राइव्ह नको."

"ती बाटली बंद करायला लावेल."

"मग करा बंद."

बाप-लेकीचं बरेच दिवस बोलणं बंद होतं म्हणे. करिश्माला देवाधर्माचं फार काही होतं असं नाही. मी तिला लिफ्टमध्ये विचारलं तेव्हा म्हणाली, "मला लहानपणापासून तिच्या मांडीवर बसून ऐकायची सवय आहे. बास. बाकी मला त्या भांडणातलं काही कळत नाही, ताई."

शेवटी दौलत वर आला. मावशी आमच्याकडं कढीपत्ता द्यायला आली होती, तो आमच्याच दारात उभा राहून बोलला. "वैनी, सकाळी गा. तुला पायजे तसं. डीजे संध्याकाळी. पन पितरांचं पान मी ठेवनार. घराची रीत मी मोडनार नाय."

"पानावर काय ठेवशील?"

"जे ठेवतो ते."

"देवीला इचारते," मावशी म्हणाली.

दौलत चिडला. "सारखा काय इचारायचा तिला? ती काय बोलते तरी का?"

"नाय बोलत," मावशी म्हणाली. "पन मी इचारते."

त्यानंतर रोज ती देवळात नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायची. काय ठरलं असं विचारलं की मान हलवायची. हळदीच्या आदल्या दिवशीपर्यंत तिचं काही ठरलं नव्हतं. नयन मात्र आपणहून म्हणाला, सकाळी मी सिस्टिमला हात लावणार नाही. मावशीला भरून आलं. तिनं मला सांगितलं, देवीनं पोराची बुद्धी फिरवली. मी नयनला शाबासकी द्यायला गेले तर तो म्हणाला, "अहो ताई, जनरेटरवालाच दुपारी येणार आहे." हे मी मावशीला सांगितलं नाही. आणि खरं तर, जनरेटरवाला दुपारी येणार हेही कुणी ठरवलं असेल, ते मला कुठं माहीत आहे?

हळदीच्या दिवशी मी रजा घेतली. सकाळी मांडवात पोचले तेव्हा मावशी चौक काढत होती. नेहमीच्या बायकांपैकी दोघीच आल्या होत्या, बाकीच्या पायगुणाच्या भीतीनं लांब खुर्च्यांवर. तिसरी आली ती दर्शना, कमलेशची बायको. ती मावशीच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं पिठाचं ताट आपल्या मांडीवर घेतलं. ज्या घरचा माणूस गेला त्याच घरची बाई येऊन बसली म्हटल्यावर खुर्च्यांवरच्या दोघी-तिघी उठून आल्या.

मग मावशी गायला लागली. आजवर मी तिचे धवले ऐकले ते डीजेच्या वर, तुटक तुटक, नाहीतर स्पीकरमधून. त्या सकाळी पहिल्यांदा पुरते ऐकले. आवाज बारीक नव्हता, गोडही नव्हता. दारात उभं राहून शेजारणीला हाक मारावी तसा होता. गावदेवीला बोलावलं, शिवेवरच्या देवाला बोलावलं, समुद्राच्या बाजूच्या देवांना बोलावलं. या, पोरीची हळद आहे, बसा. करिश्मा पाटावर बसली होती, तिचे डोळे मिटलेले.

पितरांची पाळी आली. सासरा, आजेसासरा, सखुबाई, सगळ्यांची नावं झाली. आणि मावशी थांबली. पुढचं नाव कमलेशचं होतं. गेल्यावर पहिल्यांदाच त्याला पितर म्हणून बोलवायचं होतं. बायकांनी मागची ओळ परत म्हटली, तिला वेळ दिला. तिच्या तोंडून नाव निघेना.

तेवढ्यात दौलत केळीचं पान घेऊन आला. दुसऱ्या हातात बाटली. तो वाकून म्हणाला, "वैनी, कमलेशला ठेवतो. त्याला आवडायची."

मांडवातली माणसं मावशीकडं बघू लागली. तिनं डोळे मिटले. ती काय मागत होती, कुणाला विचारत होती, कोण जाणे. मग मावशीनं डोळे उघडून दर्शनाकडं बघितलं.

"मना नको इचारू," दर्शना म्हणाली. "ठेवली नाय तर तो रुसेल. ठेवली तर मना बगवनार नाय."

मावशीनं सगळ्या मांडवादेखत, मोठ्यानं सांगितलं, "मना नाय कलत. देवा, मना नाय कलत."

दौलत हात पुढं करून तसाच उभा. एवढा हुशार माणूस, विरोध झाला असता तर त्याला बोलता आलं असतं. मग तो चौकाजवळ खाली बसला. आणि मावशीनं एकदम कमलेशचं नाव घेतलं. ये म्हणाली. तुझ्या पुतणीची हळद आहे, ये, बस. आवाज फाटला, पण थांबली नाही. सगळ्या बायकांनी नाव उचललं. दौलतनं पान खाली मांडलं, त्यावर भात ठेवला, वडे ठेवले. बाटली त्याच्या मांडीवरच राहिली. पानावर ठेवली नाही आणि बाजूलाही सारली नाही. तो पांढऱ्या शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. धवले संपेपर्यंत तो तिथून उठला नाही.

संध्याकाळी डीजे वाजला. दारूही झाली. दौलत प्यायला नाही, असं सगळ्यांनी पाहिलं. काहींनी म्हटलं वहिनीमुळे, काहींनी म्हटलं त्याला नवीन गोळ्या चालू आहेत. मावशी घरी येऊन झोपली होती. मी तिला पाणी द्यायला गेले तर तिनं विचारलं, "बाय, आज मी जिकली का हरली?"

"देवीला काय वाटतं?"

"तिला उद्या इचारते," असं म्हणून ती भिंतीकडं तोंड करून पडली.

त्या लग्नानंतर गावकीनं काही ठराव केला नाही. पण एकेका घरी सकाळी धवले, संध्याकाळी बाकीचं, असं होऊ लागलं. माणसं त्याला रीत म्हणत नाहीत, सोय म्हणतात. संध्याकाळी बायकांनाही नटायला वेळ मिळतो, असं एकीनं मला सांगितलं. मावशीला बोलावणी परत येऊ लागली, सगळी नाहीत. पायगुणाचं बोलणं पुरतं गेलेलं नाही. नयननं पेनड्राइव्ह बंद केला नाही, फक्त ज्या घरी आई जाणार असेल तिथं तो लावत नाही. दर्शना आता मावशीच्या मागं बसून गाते आणि नावं पाठ करते. पानावर बाटली ठेवायची की नाही, हे मावशी घरच्यांवर सोडते. ठेवली तर ती डोळे मिटते आणि गात राहते. हे बरोबर आहे का, हे ती देवीला अजून विचारते. तिच्या बोलण्यावरून देवीनं काही सांगितलेलं दिसत नाही.

परवा तिला ठाण्याहून फोन आला. एका सांस्कृतिक मंडळाला आगरी गाण्यांचा कार्यक्रम करायचा आहे, एसी हॉलमध्ये, स्टेजवर, देवांना बोलावण्याचे धवले म्हणायचे. तिनं फोन माझ्याकडं दिला आणि मी पत्ता घेतला.

"लगीन नाय, नवरी नाय, मांडव नाय," ती मला म्हणाली. "मी देवांना बोलवायचा, आन ते आले तर त्यांना सांगायचा काय? जाऊ का गो?"

मी म्हटलं, लोक ऐकतील तरी शांतपणे. मग म्हटलं, पण तुमचं म्हणणंही खरं आहे.

"बगू," ती म्हणाली. पदर खोचला, चपला घातल्या. खालच्या गल्लीतल्या एका घरी साखरपुडा झाला होता, तिकडं जायचं होतं, देवळातून ती मघाशीच जाऊन आली होती. मी गॅलरीतून बघत राहिले. त्या घरच्या बाईनं दार उघडलं. दोघी उंबऱ्यावर बराच वेळ बोलल्या. बाईनं दोन-तीनदा मान हलवली, ती हो म्हणत होती की नाही, ते वरून कळत नव्हतं. मग ती बाजूला झाली आणि मावशी आत गेली.